हल्ली वस्ती नाशिक

भांडी बाजाराच्या मागच्या बोळात आमचा वाडा आहे. सासरे गेले आणि मालमत्ता पत्रकावर वारसांची नावं लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात नोकरीतून नुकतीच मोकळी झालेली मीच होते. मूळची मी सोलापूरची. नाशिकच्या आळ्या, टेक आणि कारंजे मला लग्नानंतर कळले. वाड्याबद्दल घरात दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. एक, वाडा पेशवेकालीन आहे. दुसरी, आम्ही तांबट, आणि पहिल्यापासून इथलेच. अण्णा, म्हणजे माझे सासरे, हे पाहुण्यांना दिंडी दरवाजातच सांगत आणि मग दरवाजावरच्या गणेशपट्टीकडे बोट दाखवत.

नगर भूमापन कार्यालयातून पत्रकाचा उतारा मिळाला. वर सि.स.नं., क्षेत्र चौरस मीटरमध्ये, धारणाधिकार, सुविधाधिकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार, इतर शेरे. खाली तारीखवार फेरफार. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, आणि घर कधी बांधलं याचा एक शब्दही सापडला नाही. पत्रक असतं जागेचं. जागेवर काय उभं आहे आणि ते कुणी उभं केलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यातून नावांपुढची अक्षरं. एका नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, दुसऱ्यापुढे ‘अ.पा.क.’. मी तशीच खिडकीपाशी जाऊन विचारलं. पहिलं एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. दुसरं अज्ञान मुलाचं पालन करणारी व्यक्ती, आणि इथे ती म्हणजे आई. तीन पिढ्यांच्या त्या कागदावर बाईचं नाव एकदाच आलेलं, तेही मुलगा लहान होता म्हणून.

मूळ धारक म्हणून नोंद होती अण्णांच्या आजोबांची. त्यांच्या मागे पत्रक जात नाही, कारण त्या आधी सिटी सर्व्हेच झालेला नव्हता. मी निराश झालेली पाहून तिथल्या कारकुनांनी सांगितलं, “ताई, पत्रकात काय शोधता? चौकशी नोंदवहीची नक्कल मागा.” मोजणीच्या वेळी अधिकारी दारोदार जाऊन जागा कुणाची, कशावरून, हे विचारत. मालकाने काय दाखवलं ते त्या वहीत लिहून ठेवलेलं असतं. आमच्या नंबरापुढे होतं: खरेदीखत, मोडी, शके १७९६.

खरेदीखत! पेशवेकालीन वाडा पेशवाई बुडाल्यावर छप्पन वर्षांनी विकत कसा घेतला? घरी आल्यावर हे आईंना विचारलं. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. त्या म्हणाल्या, “अगं, देवघराच्या फळीवर पत्र्याचं नळकांडं आहे. त्यात असेल बघ. तुझे सासरे दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचे, पण उघडताना मी कधी पाहिलं नाही.”

नळकांड्यात गुंडाळलेले कागद होते. वरच्यांवर व्हिक्टोरिया राणीचं तोंड उमटवलेलं, म्हणजे स्टँपपेपर. एक त्याहूनही जुना, स्टँप नसलेला, जाड, पिवळा, घड्यांवर विरलेला. सगळ्यांवर मोडी. मोडी मी त्याआधी लांबूनच पाहिलेली होती. आधी कागदभर आडव्या रेघा मारायच्या आणि मग हात न उचलता अक्षरं त्या रेघांना टांगत जायचं, असं ते लिहिणं. शब्द कुठे संपला ते कळत नाही. ह्रस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. विरामचिन्हं नाहीत. पहिल्या दिवशी मी एक ओळ घेऊन बसले आणि रात्रीपर्यंत मला त्यातलं ‘श्री’ तेवढं लागलं.

मोडी शिकवणारे एक निवृत्त शिक्षक ओळखीतून भेटले. त्यांनी आधी तारीख वाचायला शिकवलं. मोडीत नवख्या माणसाने तारखेपासून सुरुवात करावी असं ते म्हणतात, आणि ते मला पटलं. तारीख लागली की कागद कुठल्या जगातला आहे ते कळतं. खताच्या आरंभी होतं ‘शके १७९६ भावनाम संवत्सरे वैशाख शुद्ध’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्ष उलटून जानेवारी लागला की ७९. म्हणजे १८७४. संवत्सराचं नाव हा ताळा: साठ संवत्सरांच्या चक्रात शके १७९६ ला भावच यावं लागतं, तेव्हा आकडा नीट वाचला गेला की नाही ते लगेच कळतं. पेशवाईतल्या कागदांवर याहून वेगळी कालगणना असते. चांद्र तारखेआधी ‘छ’, महिने मोहरम ते जिल्हेज, आणि वर्ष मृगापासून सुरू होणारं सुहूर सन, तेही अरबी संख्यांत लिहिलेलं. सरांनी ते एकदा फळ्यावर मांडून दाखवलं, मी वहीत उतरवून घेतलं आणि पान मिटलं. आमच्या नळकांड्यात तसला एकही कागद नव्हता.

मग खत. सर वाचत होते आणि मी बाळबोधीत उतरवत होते. घेणार, देणार, किंमत, आणि मग चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, मधली भिंत सामायिक. पश्चिमेस बोळ. दक्षिणेस सरकारी रस्ता. उत्तरेस परसू आणि त्यापलीकडे तमक्याची पडीत जागा. सामायिक भिंत आजही सामायिक आहे, आणि तिच्यातून झिरपणाऱ्या पाण्यावरून आमचं नि शेजाऱ्यांचं दर पावसाळ्यात बोलणं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदात ती भिंत भेटली तेव्हा मला भरून आलं. मग ओळ आली ती अशा अर्थाची: सदरहू घर दोन वर्षांमागे गंगेच्या पाण्याने पडून, जोते व मागील खण तेवढे शिल्लक असे आहे, ते जसे आहे तसे दिले.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. १८७४ च्या दोन वर्षं आधी म्हणजे १८७२.

सार्वजनिक वाचनालयात गेले. नाशिकचं हे वाचनालय १८४० चं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. जेम्स कॅम्पबेलने संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे, १८८३ साली छापलेला. घराचा इतिहास शोधणाऱ्या कुठल्याही नाशिककराने तो आधी वाचावा, कारण गाव टेकांवर कसं वसलं, घाट, देवळं, धंदे, हे सगळं त्यात एका ठिकाणी मिळतं. तांब्यापितळेच्या कामासाठी नाशिक नावाजलेलं होतं हे त्यात आहे, आणि १८७२ च्या महापुराची नोंदही आहे. जुनं नाशिक जुनी गढी, म्हसरूळ टेक, डिंगर आळी अशा उंचवट्यांवर बसलेलं. भांडी बाजार आणि सराफ बाजार खाली, पाण्याच्या वाटेवर. गंगेला पूर आला की सरस्वती नाल्याचं पाणी मागे फिरतं आणि बाजारात शिरतं. १९६९ चा पूर आईंनी नवी सून म्हणून पाहिला, २००८ चा मी पाहिला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आमच्याकडे ओसरीवरचं सामान माडीवर जातं, गळ्याला लागलं की माणसंही. हे मला सासरी आल्यावर शिकवलं गेलं, आणि माझ्या मते या घराचं सगळ्यात जुनं ज्ञान हेच असावं.

आता कागद एक सांगत होता आणि अण्णा दुसरं सांगून गेले होते. मला अण्णांना खोटं पाडायचं नव्हतं. ओळखीच्या एका जुन्या सुतारांना बोलावलं. त्यांच्या घराण्याने नाशिकमधले कितीतरी वाडे दुरुस्त केले आहेत. ते दिंडीतून आत आले ते वर बघतच. माजघराच्या तुळईखाली उभे राहिले, बॅटरी लावली आणि मला म्हणाले, “वहिनी, ही तुळई इथली नाही.”

मी तीस वर्षं त्या तुळईखाली जेवले आहे. त्यांनी दाखवलं म्हणून दिसलं: तिच्या कुशीला ठरावीक अंतरावर चौकोनी खाचा आहेत, रिकाम्या. कडीपाटाच्या कड्या ज्या खाचांत बसल्या आहेत त्या वेगळ्या, आणि अंतरही वेगळं. म्हणजे हे लाकूड आधी दुसऱ्या कुठल्या तरी माळ्याला होतं. तिथे त्यात दुसऱ्या मापाच्या कड्या होत्या. पडलेल्या घराचं सागवान कुणी टाकून देत नाही. धुऊन, वाळवून, तासून पुन्हा चढवतात. पुढच्या दोन खणांतले सुरूदार खांब एका हातचे, मागच्या खणातला एक खांब जाडजूड, कोरीव तळखड्यावरचा, सगळ्यांहून बुटका. तो त्यांनी हाताने चाचपला. “हा उभाच राहिलेला. बाकीचं त्याच्या मागून आलेलं.”

मग ते बाहेर बोळात जाऊन जोत्यासमोर उकिडवे बसले. कमरेइतक्या उंचीपर्यंत काळा घडीव दगड, सांध्यात चुना दिसेल न दिसेल इतका. त्यावर विटा सुरू होतात तिथे दगडाची आणि विटेची रेघ जुळत नाही. विटेची भिंत चार बोटं आत आहे. एकाच माणसाने एकाच वेळी बांधलं असतं तर असं झालं नसतं, असं ते म्हणाले. छपराच्या मागच्या बाजूला मंगळुरी कौलं आहेत. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा, तेव्हा ती त्या आधीची असूच शकत नाहीत. आमचं घर असं थरांनी बनलं आहे. लाकूडकाम बहुतेक पुरानंतरचं, पण जोतं आणि तो बुटका खांब पुराआधीचा, आणि किती आधीचा ते लाकूडदगड बोलत नाहीत. अण्णांचं पेशवेकालीन त्या जोत्यात असू शकतं.

दुसरी गोष्ट उरली होती, पहिल्यापासून इथलेच असण्याची. खरेदीखतात घेणाराच्या नावापुढे गावाच्या जागी कागद नेमका घडीवर फाटलेला होता. आईंनीच वाट दाखवली. म्हणाल्या, “रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांना विचार ना. त्यांच्याकडे सगळ्यांची नावं असतात.” मी म्हटलं, “आई, आपण इथलेच. बाहेरून यात्रेला येणाऱ्यांची नावं असतात त्यांच्या वह्यांत.” त्या म्हणाल्या, “म्हणून तर विचार.”

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. कुणी अस्थी घेऊन आलं, श्राद्धाला आलं, सिंहस्थात स्नानाला आलं, की त्याचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव, गोत्र, कुलदैवत, राहण्याचं गाव, सगळं उतरवायचं, आणि लिहिता येत असेल तर खाली त्याच्याच हातची सही. पुढच्या पिढीतला कुणी आला की तेच पान काढायचं आणि खाली जोडायचं. आडनाव आणि तांबट एवढंच मी सांगितलं. गुरुजींनी एक लांबट वही काढली, पानं उलटली आणि विचारलं, “संगमनेरचे का?”

मला उत्तर देता आलं नाही. संगमनेर हे नाव आमच्या घरात मी कधी ऐकलेलं नव्हतं. पण पानावर नावं होती. शके १७८४, म्हणजे १८६२: वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला एक तरुण, मुक्काम संगमनेर. खरेदीखतातल्या घेणाऱ्याचंच नाव, बापाचं नावही तेच. त्याच पानावर खाली, वेगळ्या शाईत, शके १८०१: तोच माणूस, आता तीन मुलांची नावं सोबत, आणि गावापुढे ‘हल्ली वस्ती नाशिक’. तीन मुलांतलं धाकटं नाव म्हणजे मालमत्ता पत्रकावरचे मूळ धारक, अण्णांचे आजोबा.

मी गुरुजींना परवानगी विचारून त्या ओळीवर बोट ठेवलं. आमचे खापरपणजोबा संगमनेरहून आले, पुराने घरं पडून जागा स्वस्त झाल्या तेव्हा आले, आणि भांडी ठोकणाऱ्याला भांडी बाजारालगत पडकं का होईना घर मिळालं. वाहून गेलेल्या हंड्या-घंगाळांच्या जागी नवी लागणारच होती, तेव्हा त्यांना काम मिळालं असणार असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे. कागद तसं म्हणत नाही.

घर विकणारी एक विधवा होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिच्या वंशातलं कुणी गावात असेलही. खताच्या शेवटी साक्षींच्या सह्या आहेत, आणि तिच्या नावापुढे एक लहानसं वर्तुळ काढलेलं आहे, किंचित लांबट, जिथे सुरू झालं तिथे नीट न मिळालेलं. शेजारी लेखकाने लिहिलं आहे ‘निशाणी बांगडी’. लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढी, बाई बांगडी. बोरूने काढलेल्या त्या बांगडीत एका जागी शाई जास्त सांडली आहे, तिथे हात थांबला असावा. सही करणारी माझ्या आईच्या, आजीच्या घराण्यातली नाही, माझ्या सासरच्यांचीही नाही. पण या सगळ्या शोधात मी सगळ्यात जास्त वेळ कशाकडे पाहिलं असेल तर त्या वर्तुळाकडे.

आणि खतात अट होती. मागील खणातली उत्तरेकडची एक खोली बाईंकडे हयातीपर्यंत राहण्यास राहील, त्यांस कोणी उठवू नये.

उत्तरेकडच्या त्या खोलीला आमच्याकडे ‘मावशीची खोली’ म्हणतात. कुणाची मावशी, हे कुणालाच ठाऊक नाही. आईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं की तिथे श्राद्धपक्षात एक पान वाढून ठेवायचं. कुणासाठी ते सांगितलं नव्हतं. त्या ते अजून ठेवतात. मी खताचं वाचन त्यांना ऐकवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे नीट सांभाळलं असणार गं तिला. नाहीतर मावशी कशाला म्हणतील.” कागदाने हे सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. मला त्यांचं म्हणणं मान्य आहे.

इतके दिवस कागद उलगडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सुखाच्या वर्षांचा एकही कागद नळकांड्यात नाही. पूर आला तेव्हा खरेदीखत झालं. पुढे एकदा गहाणखत, आणि त्याच्या पाठीवर वर्षांनी कर्ज फिटल्याची पावती. भाऊ भांडले तेव्हा वाटणीपत्र, त्यात न्हाणीघर, आड आणि जिना कुणी कधी वापरायचा हे ओळीने. बाप अकाली गेला तेव्हा अज्ञान मुलाची नोंद. मधली वीस-वीस, तीस-तीस वर्षं कोरी आहेत. त्या कोऱ्या वर्षांत या चौकात लग्नं लागली असतील, भट्टी पेटत असेल, सकाळपासून ठोकणं चालू असेल. घराचा शोध घ्यायचा तर घरावर कधी कधी काय कोसळलं ते आधी विचारावं, हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर मी पुराच्या सालापासूनच सुरुवात केली असती.

खताच्या मागे नोंदणीचा शिक्का आहे, बुकाचा नंबर आणि पानं. नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पहिलं बुक आणि त्याच्या सूच्या फी भरून कुणालाही पाहता येतात, त्यासाठी मालक असावं लागत नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या खतांकडेही वळता येतं. आपलं घर त्यांच्या चतुःसीमेत असतंच: ‘पश्चिमेस अमक्याचे घर’ असं लिहिताना त्या साली ते घर कुणाचं होतं आणि उभं होतं की पडलेलं, हे त्यांच्या लेखकाने लिहून ठेवलेलं असतं. पूर्वेकडचे शेजारी, ते सामायिक भिंतीचे, त्यांच्याकडेही एक गाठोडं आहे. भिंतीच्या झिरपण्याचा विषय मी आधी मिटवला आणि मग गाठोड्याचा काढला. दिवाळीनंतर दाखवतो म्हणाले आहेत.

स्टँप नसलेला तो जाड पिवळा कागद अजून पुरता लागलेला नाही. तो त्या बाईंच्या सासऱ्यांचा असावा, विकताना जुने कागद घेणाराला देतात तसा आलेला. त्यात नाशिकच्या वर ‘जिल्हे अहमदनगर’ लिहिलं आहे, ते पाहून मी आधी गोंधळले. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला, त्याआधी नाशिक तालुका नगरकडे होता. म्हणजे कागद १८१८ नंतरचा, इंग्रजी अमलातला, पण १८६९ च्या आधीचा. शक वाळवीने खाल्ला आहे, संवत्सराच्या नावातलं शेवटचं अक्षर तेवढं शिल्लक आहे. सरांनी साठ नावांची यादी दिली आहे. त्या अक्षराने संपणारी नावं मी वेगळी काढली, आणि त्या काळात त्यांची वर्षं कुठली येतात ते मांडते आहे. त्याच्याही मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, पेशवे दफ्तर, फडक्यात बांधलेले हजारो रुमाल. सरदारांच्या घराण्यांची दफ्तरं छापून निघाली, चांदोरीच्या हिंगण्यांचं ग. ह. खऱ्यांनी संपादलेलं मी वाचनालयात पाहिलं. आमच्यासारख्यांचं नाव तिथे आलं तर जकातीत, दंडात किंवा फिर्यादीत येईल, असं सर म्हणतात. पुढच्या मोडीच्या वर्गाला मी नाव घातलं आहे.

वारसनोंदीचा अर्ज मात्र दिला. अर्जावर दोघे दीर, माझे यजमान आणि आईंचं नाव आहेच. आत्यांचं, म्हणजे अण्णांच्या बहिणीचं नाव त्यांच्या वडिलांच्या वेळच्या नोंदीत राहून गेलं होतं. ते लावायचं ठरलं तेव्हा आत्या म्हणाल्या, “आता मला कशाला गं, मला काय करायचंय वाड्यात?” आईंनी त्यांच्या हातात पेन दिलं. आत्या चौथी शिकलेल्या. पूर्ण नाव लिहून त्यांनी खाली तारीखही घातली.